डोकेदुखीवाल्यांनी येऊ नये

नवा पेशंट दारात दिसला की डॉक्टर सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारत. "जेवून आला का?"

काय होतंय, कुठे दुखतंय, कोणी पाठवलं, हे सगळं नंतर. पोटात काही नसेल तर ते सुयांच्या डबीला हातच लावत नसत. आणि आमच्याकडची माणसं डॉक्टरकडे जाताना हमखास उपाशी जातात. रक्त घेतील, फोटो काढतील, काय करतील कोण जाणे, म्हणून उपाशी. कुहीकडून पहाटेच्या एसटीनं आलेला एखादा शेतकरी मोठ्या अभिमानानं सांगे, "नाही जी, पाणीसुद्धा नाही घेतलं." डॉक्टर त्याच्याकडे असे बघत की जणू त्यानं काही चोरूनच आणलं आहे. मग टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढून फुटाणे आणि गुळाचा खडा त्याच्या ओंजळीत टाकत.

"हे खा. चावून खा. मंग गोष्टी करू. उपाशी माणसाले सुई लावली का तो धाडकन पडते, अन् त्याच्या घरचे मले धरते."

धंतोलीत तेव्हाही दवाखान्याला लागून दवाखाना होता. मोठमोठ्या पाट्या, पाट्यांवर विलायतेच्या पदव्या. त्या गर्दीतून एका बोळात वळलं की जुन्या बैठ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत यांचा दवाखाना. पाटी पत्र्याची. वर त्यांचं नाव, खाली एमबीबीएस, त्याखाली 'अ‍ॅक्युपंक्चर', आणि सगळ्यात खाली, स्पष्ट दिसे की मागाहून, कोणीतरी स्वतःच ब्रश घेऊन लाल रंगानं लिहिलेली एक ओळ: 'डोकेदुखीवाल्यांनी येऊ नये.'

सुया टोचून घ्यायला नागपुरात जी काही माणसं तेव्हा तयार होती, त्यातली निम्मी डोकेदुखीवालीच असत. ती पाटी वाचत, एकमेकांकडे बघत आणि परत जात. काही न वाचता आत शिरत. त्यांना आतून परत पाठवलं जाई.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होतो. एका पाळीत घट्ट बसलेला व्हॉल्व्ह फिरवताना कंबरेत काहीतरी सटकलं, आणि तिथून निघालेली कळ मांडीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत गेली ती तिथेच राहायला आली. लाकडी फळीवर झोपून झालं, पायाला वजनं लावून झाली, गोळ्या झाल्या. कॉलनीतली खोली बंद करून मी नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या घरी येऊन पडलो. घरी दादा आणि वहिनी. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत दादाचा हातमाग, मागच्या खोलीत आमचा संसार. मी शिकून नोकरीला लागलो, दादा मागावरच राहिला. शेवटी वहिनीच म्हणाली, "भाऊजी, धंतोलीत कोणी सुयावाले आहे म्हणते. पाहून या ना एकदा. पडून पडून काय होते?"

म्हणून गेलो. सायकलरिक्षात एका बाजूला कलंडून.

फुटाणे खाऊन झाल्यावर डॉक्टरांनी मला जीभ दाखवायला सांगितली. पाय दुखतो म्हणून गेलेल्या माणसाची जीभ त्यांनी उजेडात नेऊन, मान इकडे तिकडे वळवून, सराफानं दागिना बघावा तशी बघितली. मग दोन्ही मनगटं धरून डोळे मिटून बसले. एवढा वेळ बसले की मला वाटलं झोपले. मी खाकरलो तर डोळे न उघडताच म्हणाले, "बोलू नका. मी ऐकून राहिलो."

आणि प्रश्न तर असे, की बाहेर बसलेल्यांना ऐकू गेले तर लाज वाटावी. पाय थंड पडतात का? स्वप्नं पडतात का, त्यात पाणी असतं का? खारट आवडतं की गोड? राग आला तर बोलून दाखवता की गिळता? मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माझा पाय दुखतो."

"पाय तुमचाच आहे ना? का शेजाऱ्याचा?"

मग त्यांनी डबी उघडली. उकळून निघालेल्या सुया, केसाहून थोड्या जाड, मुठीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. एकेक सुई कापसाच्या बोळ्यातून हळूच फिरवून बघत. टोकाला कापसाचा तंतू अडकला तर ती सुई बाजूला, घासायला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एक सुई उचलली आणि स्वतःच्याच डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात घातली. ती हलत तिथे उभी. "पाहा. मेलो का?" प्रत्येक नव्या पेशंटसमोर ते हे करत. त्या बेचक्यातली कातडी बारीक काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती.

मला पालथं झोपवलं. पहिली सुई कंबरेखाली पुठ्ठ्यात, बोटाएवढी लांब. टोचल्याचं कळलंच नाही. मी म्हणालो, "काही दुखलं नाही."

"दुखायचं नाहीच. आलं का ते सांगा."

"काय आलं?"

"आलं की विचारणार नाही तुम्ही."

त्यांनी सुई बोटांत धरून किंचित फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. आणि आलं. पुठ्ठ्यापासून घोट्यापर्यंत आतून कोणीतरी ओला दोर ओढत नेतो आहे असं काहीतरी जड, सुन्न, मुंग्यांचं. मी "अरे अरे" म्हणालो. डॉक्टर खूश झाले. "आलं! इटारसीहून सुटलेली गाडी नागपुरात आली. आता इथून वर्धा," असं म्हणून गुडघ्यामागे दुसरी सुई लावली, "अन् हे बल्लारशा," म्हणत घोट्याजवळ तिसरी. त्यांच्या भिंतीवर कलकत्त्याहून आणलेला माणसाचा एक भलामोठा नकाशा होता. त्यावरची चिनी अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी त्या सगळ्या रेषांना आणि ठिकाणांना आपल्याकडच्या स्टेशनांची नावं देऊन टाकली होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून निघून डोक्यावरून, पाठीवरून, पायामागून करंगळीपर्यंत जाणारी रेघ म्हणजे त्यांची ग्रँड ट्रंक.

सुया लावून ते उशाशी गजराचं घड्याळ ठेवत आणि निघून जात. तेवढा वेळ नुसतं पडून राहायचं. हलायचं नाही. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जाई. मला मात्र त्या पहिल्याच दिवशी गाढ झोप लागली. घड्याळ वाजल्यावर उठलो, पाय टेकवला, आणि दुखणं कमी झालं आहे असं वाटून म्हणालो, "वा, डॉक्टर, एकदम फरक!"

ते भडकले. "पहिल्याच दिवशी फरक म्हणायचा नाही. आज बरं वाटते, उद्या जास्त दुखन, परवा मले शिव्या द्याल. दहा डाव या, मंग सांगा. अन् काही जणांले काहीच होत नाही, हेही ऐकून ठेवा. तुम्ही त्यातले असू शकता."

असं सांगणारा डॉक्टर मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी खरंच जास्त दुखलं. मी शिव्या दिल्या आणि गेलो.

त्यांना कोणाचं नाव लक्षात राहत नसे, किंवा ठेवायचं नसे. मला ते पहिल्या दिवसापासून 'पॉवर हाऊस' म्हणत. एक म्हातारी गुडघ्यासाठी येई, ती 'गुडघा'. उंच, सडसडीत, पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायात शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट रोज खडूनं पांढरे केलेले. एमबीबीएस होऊन बरीच वर्षं त्यांनी साधी प्रॅक्टिस केली, मग कोणाकडून तरी ऐकून कलकत्त्याला गेले आणि ही विद्या शिकून आले. शेजारच्या बोळातले डॉक्टर त्यांना हसत. हे त्यांना ठाऊक होतं. "हसू द्या. मलेही पुरतं समजत नाही हे कसं होते ते. मी काय त्याईले समजावू?"

एकदा एक पहिलवान आला. खांदा धरलेला. सुई बघताच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमच्या अंगात तर काटा मोडते. ही सुई वाकून जाईन तुमची." डॉक्टरांनी विचारलं, जेवून आला का? तो म्हणाला, "बदामाचं दूध पिऊन आलो." डॉक्टरांनी सुई लावली आणि वळतात तोच तो डोंगर स्टुलावरून खाली. शेजारच्या खाटेवर गुडघ्यात सुया घेऊन पडलेली म्हातारी एवढी हसली की तिच्या सुया हलायला लागल्या. डॉक्टर एकाच वेळी पहिलवानाचे पाय वर धरून उभे आणि म्हातारीला ओरडताहेत, "हसू नका बाई, वर्धा वाकडं होऊन राहिलं!"

महिना-दीड महिन्यात मी सरळ चालू लागलो. मी पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "सुईनं झालं का नुसतं पडून राहिल्यानं झालं, कोण जाणे. पेढे ठेवा." मी पुन्हा कामावर रुजू झालो, पण सुट्टीच्या दिवशी नागपुरात आलो की धंतोलीत चक्कर टाकायचा नाद लागला. त्यांना बोलायला माणूस हवा असे. घरात ते एकटेच होते. मागच्या खोलीत एक जुनी पेटी कापडाखाली झाकलेली दिसे, पण ती कोण वाजवत होतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं.

वहिनी उमरेडची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं डोकं दुखायचं. सारखं नाही, पण उठलं की अर्धं डोकं, एक डोळा, आणि मग ओकाऱ्या. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. ती मागच्या खोलीत डोक्याला फडकं आवळून पडून राही. हातमागाच्या खटखटीनं तिला घाव बसल्यासारखं व्हायचं, म्हणून दादा माग बंद करायचा. ऐन कामाच्या वेळी आमच्या घरातला माग थांबला की गल्लीतल्या बाया समजून जात, आज हिचं डोकं उठलं. सरकारी दवाखान्यात दाखवून झालं होतं. डोळे तपासले, डोक्याचा फोटो काढला, मोठ्या डॉक्टरांनी नीट बघितलं आणि सांगितलं की भिण्यासारखं काही नाही, अर्धशिशी आहे. त्यांनी दिलेल्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नसत. तिची मुलगी लहान होती. आईजवळ जाताना पावलं वाजवायची नाहीत, हे त्या पोरीला बोलायला येण्याआधी समजलं होतं. आज तिचं लग्न होऊन ती सासरी नांदते आहे, पण अजूनही घरात तशीच चालते. मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

माझा पाय बरा झालेला वहिनीनं रोज बघितला होता. एके दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "भाऊजी, मले नेता का तुमच्या डॉक्टरकडे?"

पाटी मला ठाऊक होती. पण पाटी परक्यांसाठी, आपलं तर येणंजाणं आहे, असं मी धरून चाललो. दाराशी वहिनीनं ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि थांबली. "इथं तर लिहून आहे, येऊ नका म्हणून."

"तू चल तर."

डॉक्टर छान मूडमध्ये होते. "या पॉवर हाऊस! अन् ह्या कोण? वहिनी? या बाई. जेवून आल्या का?" वहिनी जेवून आली होती तरी तिला फुटाणे मिळाले. स्टूल पुढे केलं गेलं. "काय होते तुम्हाले?"

"डोकं दुखते जी."

डबीचं झाकण त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी परत लावलं. तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाहेरची पाटी वाचली नाही तुम्ही?"

"वाचली. पण हिला सरकारी दवाखान्यात सगळं दाखवून झालंय. अर्धशिशीच आहे. म्हणून म्हटलं..."

"मी डोकं घेत नाही."

वहिनी सहसा परक्या पुरुषाशी बोलत नसे. पण त्या दिवशी बोलली. "डॉक्टरसाहेब, या भाऊजींले तुमी उभं केलं. मी आपल्या डोयानं पाहिलं. मले एक डाव लावून पाहा. नाई जमलं तर नाई जमलं. मी काही म्हणनार नाई."

"बाई, गोळ्या घ्या."

"गोळ्या पोटात राहत नाई जी."

डॉक्टर उठून उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले, आणि तशा अवस्थेत भिंतीला टेकले. छडी घेऊन मास्तर समोर आल्यावर पोरं उभी राहतात तसे. "मी नाही लावत," ते म्हणाले. "नाही म्हणजे नाही." आणि आत जाऊन मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

दोन खाटांवर दोन माणसं सुया लावलेली पडली होती. त्यांना काय झालं ते कळेना. उशाशी घड्याळ वाजू लागलं, वाजून वाजून थकलं, कोणी आलं नाही. म्हातारी ओरडायला लागली, "अवो डॉक्टर, घडी वाजली ना! माया सुया काढा!" तेव्हा ते बाहेर आले. सगळ्यांच्या सुया काढल्या, हळूहळू, नेहमीसारख्याच. आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. आम्ही निघालो.

रिक्षात मी संतापलो होतो. लोखंडी पुलाखालून पलीकडे गेल्यावर वहिनी म्हणाली, "त्याईले राग नाई आला, भाऊजी. भेव वाटलं त्याईले."

पुढच्या सुट्टीला मी भांडायला म्हणून गेलो. दुपार होती, कूलरच्या पत्र्याचा खडखडाट चालला होता, पेशंट कोणी नव्हता. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "बसा. तुम्ही चिडून आला, ते बरोबर आहे." मग बराच वेळ एका सुईवर कापूस फिरवत बसले.

"माझ्या बायकोचं डोकं दुखे," ते म्हणाले.

कलकत्त्याहून शिकून ते आले तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच होतं, ती. शाळेत गाणं शिकवायची. तिचं डोकं दुखू लागलं तेव्हा त्यांना वाईट वाटण्याऐवजी, हे त्यांचेच शब्द, "आनंद झाला मले. घरातच पेशंट!" त्यांनी सुया लावल्या आणि गुण आला. तासाभरात ती उठून स्वयंपाकाला लागायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तिला दाखवत, हिला विचारा, कशी होती आणि कशी आहे. दुखणं पुन्हा येई, ते पुन्हा सुया लावत, पुन्हा जाई. असं वर्षभर. तिला दुसऱ्या कोणाला दाखवावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. मग तिच्या हातून कप पडायला लागले. पेटीवर डाव्या हाताला भाता हलवता येईना. तेव्हा कुठे त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्यात गाठ होती. चांगली वाढलेली.

"दुखणं म्हणजे पोस्टमन आहे गा," ते म्हणाले. "तो रोज येऊन दार वाजवून राहिला होता, अन् मी त्याले रोज हाकलून देऊन राहिलो होतो. मोठा हुशार माणूस मी."

कूलरचं पाणी टपटपत होतं.

"शेवटी शेवटी तिले बोलता येत नव्हतं नीट. तरी मले म्हणाली, तुमच्या सुईनं आराम बहुत पडायचा, हं." त्यांनी हातातली सुई डबीत ठेवली. "हे नसतं म्हटलं तर बरं झालं असतं."

नंतर त्यांनी स्वतःच ब्रश आणून पाटीवरची ती ओळ रंगवली होती.

मी त्यांना वहिनीचं पुन्हा सांगितलं. आता भांडून नाही, समजावून. तिला तपासलेलं आहे, फोटो काढलेला आहे, किती वर्षांचं दुखणं आहे, गाठ असती तर आतापावेतो काय व्हायचं ते झालं असतं. ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. डॉक्टर होते ते; मी सांगण्याआधीच त्यांना हे समजत होतं. "तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "त्या बाईले काही नाही. सुया लावल्या तर आराम पडन, हेही मले माहीत आहे. पण हात उठत नाही ना." आणि त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवून दाखवला, जसं काही तो दुसऱ्याचा आहे.

पुढे केव्हातरी आमच्या पॉवर हाऊसमधला एक जण मेंदूच्या विकारानं दवाखान्यात होता, तेव्हा तिथल्या तज्ज्ञ डॉक्टरांना मी नाव न सांगता हे विचारलं. ते म्हणाले, त्या काळात नागपुरात लवकर सापडली असती तरी तशा गाठीचं फारसं काही करता आलं नसतं. मी मोठ्या आशेनं ते धंतोलीत जाऊन सांगितलं. डॉक्टर हसले. "तुम्ही माझं वजन कमी करायले आले. बरं वाटलं. पण ते वजन तिचं आहे. मी कोणाले देत नाही."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. वर्षं जात राहिली. वहिनीच्या धाकट्या बहिणीचं उमरेडला लग्न झालं, वहिनी हळदीच्या वासानं ओकून ओकून गोठ्याशेजारच्या खोलीत पडून राहिली. मंगलाष्टकं तिनं भिंतीपलीकडून ऐकली. दादाचा माग कमी होत होत बंदच पडला आणि तो इतवारीत एका कापडाच्या दुकानात बसू लागला. खापरखेड्याहून मी सुट्टीला येई तेव्हा कधी वहिनी दारात हसत उभी असे, कधी खोलीचं दार लोटलेलं असे. दार लोटलेलं दिसलं की मला धंतोलीतला तो हात आठवे. आराम देऊ शकणारा माणूस शहराच्या एका टोकाला, आराम हवा असलेली बाई दुसऱ्या टोकाला, आणि मधे एक कधीची मरून गेलेली बाई. दोघंही माझी माणसं. रागवायचं तरी कोणावर?

डॉक्टरांचे पेशंटही कमी होत गेले. सुया टोचणारे दुसरे लोक शहरात आले होते, त्यांच्या पाट्यांवर डोकेदुखी सगळ्यात वर लिहिलेली असे. मी एकदा म्हणून बघितलं, वहिनीला त्यांच्यापैकी कोणाकडे नेऊ का? डॉक्टर म्हणाले, "न्या ना. जरूर न्या." मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "नको. एकदा गेली ना मी. बस झालं."

मग एका हिवाळ्यात, मी घरीच होतो, दुपारी गल्लीत गलबला ऐकू आला. बाहेर आलो तर सायकलरिक्षातून डॉक्टर उतरत होते. खूप वाळलेले. बूट मात्र तसेच पांढरे. बरोबर चार-दोन बाया आणि पोरंटोरं. नंतर कळलं ते असं, की ते बराच वेळ गल्लीत फिरत होते. माझं नाव त्यांना आठवेना. 'पॉवर हाऊस कुठे राहते' म्हणून विचारलं तर लोकांना वाटलं म्हाताऱ्याला खापरखेड्याला जायचं आहे. शेवटी त्यांनी विचारलं, "ज्या बाईचं डोकं दुखते, तिचं घर कोणतं?" तेव्हा सगळ्यांनी एकदम आमच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी त्यांना आत आणून बसवलं. दवाखाना बंद केला आहे, भावाकडे जबलपूरला राहायला चाललो, सामान गेलंसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. मग पिशवीतून डबी काढून मांडीवर ठेवली. सुया उकळूनच आणल्या होत्या.

"वहिनींले बोलवा," ते म्हणाले. "एवढे दिवस हात उठला नाही. जायच्या आधी पाहू म्हटलं. उठन असं वाटून राहिलं."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावरून पदर. आता तिचेही केस बरेच पांढरे झाले होते. डॉक्टर तिला बघून उठायला लागले, तिनं "बसा जी" म्हटलं.

"बाई, जेवण झालं का तुमचं?"

"झालं जी."

"मग बसा इथं. मी तुमच्या डोक्याले सुया लावायले आलो."

वहिनी माझ्याकडे बघू लागली. मलाही तेव्हाच लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत मी खोलीचं दार लोटलेलं पाहिलं नव्हतं. ती खाली बसली आणि हळू म्हणाली, "आता नाई दुखत जी."

"नाही दुखत?"

"नाई. गेलं थे. वय झालं तसं कमी कमी होत गेलं. दोन-तीन वरसं झाली, एकदाबी नाई उठलं."

"कोणाचं औषध?"

"औषध कोनाचंच नाई. आपोआप."

डॉक्टर डबीकडे बघत राहिले. झाकण अर्धवट उघडं होतं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. निदान तोंडानं तरी, बरं झालं, म्हणतील. पण त्यांनी विचारलं, "मी नाही म्हटलं, त्यानंतर किती दिवस दुखलं?"

वहिनी आठवू लागली. वर्षांत तिला सांगता येईना. "पोरगी दुसरी-तिसरीत होती तवा तुमच्याकडे आलो होतो. मंग तिचं लगन होईतोवर होतंच."

"बहुत दुखे?"

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. पाहुण्याला, त्यातून म्हाताऱ्या माणसाला, दुखवणारी ती नव्हती. पण तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, "हव जी. बहुत दुखे. मरन मांगो मी."

डॉक्टरांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. "बरं केलं सांगितलं," ते म्हणाले. मग हात पुढे केला, वहिनीनंही न लाजता मनगट पुढे केलं, आणि त्यांनी डोळे मिटून तिची नाडी धरली. केवढा तरी वेळ. सोडताना म्हणाले, "चांगली आहे. एकदम चांगली."

चहा घेतला. डबी पिशवीत टाकली. मी रिक्षापर्यंत गेलो. जबलपूरचा पत्ता मी विचारला तर म्हणाले, "भाऊ कुठे राहते ते गेल्यावर समजन." त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. ते वारल्याचंही मला कोणीतरी उडत उडत सांगितलं, आणि तेव्हा त्याला बरेच महिने होऊन गेले होते.

त्या दिवशी मी घरात परत आलो तेव्हा दादा दुकानातून जेवायला आला होता. हातपाय धुताना त्यानं विचारलं, "कोन आलं होतं? रिक्षा दिसली."

"सुयावाले डॉक्टर," वहिनी ताट वाढता वाढता म्हणाली.

"काहून आले होते?"

वहिनीनं भाकरीवर भाजी घातली, ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"असंच," ती म्हणाली. "भेटाले."